लॅक्सटनचं शिवार वाचायला शिकलो त्याची गोष्ट

नॉटिंगहॅमशायरमध्ये लॅक्सटन म्हणून एक छोटं गाव आहे. ए-वन हायवे सोडून टक्सफर्डला आत वळायचं आणि बारक्या रस्त्यांनी थोडं गेलं की येतं. शेजारची मूरहाउस नावाची वाडी धरून हे एक पॅरिश, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखं गावाचं युनिट. वरवर बघितलं तर मुद्दाम गाडी काढून जावं असं काही नाही, एक चर्च, एक पब, लाल विटांची घरं, वर लाल कौलं, बस्स. पण मध्ययुगापासून चालत आलेली मोकळ्या शेतांची पद्धत, म्हणजे मधे कुंपण नसलेल्या मोठ्या शेतांत प्रत्येकाच्या विखुरलेल्या पट्ट्या, इथे अजून चालू आहे आणि ती सांभाळणारं गावचं कोर्टही चालू आहे, आणि ही दोन्ही एकत्र असलेलं गाव इंग्लंडात आता हे एकच उरलंय.

मी नॉटिंगहॅमला राहतो, काम सॉफ्टवेअरचं. पण बाबा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, त्यामुळे लहानपणापासून घरात गाव नकाशा, टिपण, फाळणी, हद्दीचे दगड हेच शब्द. आमच्या इंदापूर तालुक्यातच १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रजांनी ती प्रसिद्ध जमीन मोजणी सुरू केली होती हे बाबांनी हजार वेळा सांगितलेलं. त्यामुळे इथे आल्यावर वाटायचं की ही मोजणी करणारी माणसं ज्या देशातून आली तिथली जमीन कशी वाटलेली होती ते एकदा नीट बघायला पाहिजे. लॅक्सटनबद्दल वाचलं आणि ठरवलं की हेच गाव, एकच गाव, पण शेवटपर्यंत समजून घ्यायचं.

सुरुवात केली नकाशापासून. १६३५ साली मार्क पिअर्स नावाच्या माणसाने या गावाचा एक भलामोठा नकाशा काढला. मूळ प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे, पण गावातल्या पबच्या मागे एक छोटं व्हिजिटर सेंटर आहे तिथे गावाची माहिती लावलेली आहे, आणि नकाशाच्या छापील प्रतीही मिळतात. मी एक मिळवली आणि टेबलावर पसरून बसलो. त्यात गावातलं प्रत्येक घर, प्रत्येक कुरण आणि मोकळ्या शेतांतली प्रत्येक पट्टी काढलेली आहे, दोन हजारांच्या वर पट्ट्या, आणि मधेमधे नांगरणारी माणसं, कापणी, शिकार अशी बारीक बारीक चित्रं. सोबत एक वही होती, तिच्यात कोणती पट्टी कोणाकडे आणि तिचं क्षेत्र किती ते ओळीने लिहिलेलं. व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं तर ते म्हणाले, "अरे हा गाव नकाशा आणि ही आकारबंदाची वही, दुसरं काय." आणि मग जवळजवळ तासभर ते एकेक पट्टी मोठी करून दाखवायला सांगत होते, आई जेवायला हाका मारतेय तरी उठेनात.

क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये दिलंय. चाळीस पर्चचा एक रूड, चार रूडचा एक एकर. हे आधी डोक्यात बसत नव्हतं, मग बाबांनीच सोपं करून दिलं. एक एकराची जुनी पट्टी म्हणजे लांबी ६६० फूट आणि रुंदी ६६ फूट. आपला गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा. मग लांबीत वीस गुंठे बसतात, रुंदीत दोन, झाले बरोबर ४० गुंठे. आपल्याकडच्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, ती इंग्रजांच्या ६६ फुटी साखळीच्या निम्मी, त्यामुळे हे सगळं असं चपखल बसतं. लॅक्सटनच्या नकाशातली पट्टी बघताना मला गुंठ्यातच दिसायला लागली आणि तिथून पुढे काम सोपं झालं.

आता हा नकाशा करून घेणारा मालक कोण तर सर विल्यम कोर्टेन, लंडनचा बडा व्यापारी. गाव त्याने विकत घेतलेलं, आणि घेतलेला माल किती आणि कसा हे कळायला मोजणी करून घेतली. ज्या वर्षी हा नकाशा झाला त्याच वर्षी, १६३५ लाच, राजा पहिल्या चार्ल्सने कोर्टेनच्या मंडळीला पूर्वेकडे व्यापाराची परवानगी दिली, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीला स्पर्धक. त्यांची जहाजं जॉन वेडेलच्या हाताखाली १६३६ मध्ये निघाली आणि गोव्याला पोचली, पुढे भटकळ आणि कारवारला त्यांच्या वखारी झाल्या. कोर्टेन स्वतः १६३६ लाच वारला, जहाजं पोचल्याचं त्याला कळलंच नाही. मला हे कळलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला, कारण मी समजत होतो की हे गाव म्हणजे सगळ्या जगापासून बाजूला पडलेला कोपरा, आणि त्याचा मालक त्याच वेळी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मिरी घ्यायला जहाजं पाठवत होता. कोर्टेनच्या वारसांकडून पुढे गाव पिअरपाँट घराण्याकडे गेलं. त्यांनाच नंतर अर्ल मॅनव्हर्स ही पदवी मिळाली.

मॅनव्हर्स घराण्याचे कागद नॉटिंगहॅम युनिव्हर्सिटीच्या हस्तलिखित विभागात आहेत, म्हणजे माझ्या घरापासून गाडीने जवळच. पुढचा टप्पा तो. तिथे नाव नोंदवायचं, ओळखपत्र दाखवायचं, बॅग-कोट लॉकरमध्ये, पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. कागद आधी मागवून ठेवावे लागतात. मग ते आणून देतात, फोमच्या उशीवर ठेवतात आणि पान उघडं राहावं म्हणून कापडात शिवलेली शिशाची माळ देतात. गावच्या कोर्टाचे जुने कागद मी मागवले. पहिल्या दिवशी एक ओळ धड वाचता येईना. जुनं वळण वेगळं, आणि १७३३ च्या आधीच्या कोर्टाच्या कामकाजात लॅटिन. त्या वर्षापासून कायद्याने इंग्लिश सक्तीचं झालं. तारखांचंही भान ठेवावं लागतं, १७५२ च्या आधी इंग्लंडात कागदोपत्री नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे फेब्रुवारीतला कागद आपण समजतो त्याच्या मागच्या वर्षाचा आकडा घेऊन बसलेला असतो. कोणी हे काम करणार असेल तर माझा सल्ला, आधी १७३३ नंतरचे कागद घ्या, अक्षर डोळ्यात बसलं की मग मागे जा.

आणि अक्षर बसलं की मग गाव बोलायला लागतं. अमक्याने चर साफ केला नाही, दंड. तमक्याने डुकराच्या नाकात कडी घातली नाही, दंड, कारण कडी नसलेलं डुक्कर सगळं कुरण उकरून ठेवतं. कोणाचा घोडा मोकळा सुटला, कोणी गावरस्त्यात नांगर घातला, कोणी ठरलेल्या दिवसाच्या आधी मेंढरं सोडली. राजा-राणीचा पत्ता नाही, लढाया नाहीत, सगळी माणसं एकमेकांच्या जमिनीची काळजी करतायत आणि एकमेकांवर नजर ठेवून आहेत. मला या कागदांइतकं जिवंत दुसरं काही वाचल्याचं आठवत नाही.

पण नुसत्या कागदावरून शिवार कळत नाही, ते चालावंच लागतं. गावात शिरलं की पहिली गोष्ट, शेतकऱ्यांची घरं गावातच आहेत, रस्त्याला लागून. बाकी इंग्लंडात फार्महाउस एकटंच आपल्या शेताच्या मधोमध असतं, इथे मात्र घराची अरुंद बाजू रस्त्याला, मागे खळं-गोठा, त्यामागे घराचाच लांबट तुकडा, आणि शेतं गावाबाहेर. त्याचं कारण साधं आहे, प्रत्येकाची जमीन तिन्ही शेतांत विखुरलेली, मग घर एका जागी शेतात नेऊन करणार काय. सगळ्यांनी मधे राहायचं आणि तिन्हीकडे जायचं. तीन शेतं म्हणजे साउथ फील्ड, वेस्ट फील्ड आणि मिल फील्ड, तिन्ही मिळून आज पाचशे एकरांच्या आसपास. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पूर्वी पड ठेवायचे, आता तिथे चाऱ्याचं पीक घेतात. पुढच्या वर्षी तिन्ही शेतांची पाळी एकाने पुढे सरकवायची. हे चक्र कोणी एकट्याने बदलू शकत नाही.

चर्चच्या बाजूने वर गेलं की नॉर्मन किल्ल्याची मातीची टेकडी आहे, बांधकाम काही उरलेलं नाही पण टेकडी आणि खंदकाची रूपरेषा अगदी स्पष्ट, या जिल्ह्यातला सगळ्यात चांगला राहिलेला असा किल्ला हाच. शेरवूडच्या जंगलाचा वंशपरंपरागत राखणदार इथे राहायचा, म्हणजे आज एवढंसं वाटणारं हे गाव एके काळी सत्तेचं ठिकाण होतं. चर्चमध्ये त्या राखणदारांच्या एव्हरिंगहॅम घराण्याच्या थडग्यांवरच्या मूर्ती आहेत, त्यातली एका बाईची मूर्ती ओकच्या लाकडात कोरलेली, चौदाव्या शतकातली. दगडाच्या मूर्ती पुष्कळ बघितल्या होत्या, पण लाकूड एवढी शतकं टिकलेलं बघून मी तिथेच बराच वेळ उभा होतो.

मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते जमिनीच्या लाटांनी. या मिडलंड्स भागात जुन्या कुरणांत हिवाळ्यातल्या तिरक्या उन्हात बघा, गवताखाली एकसारख्या लांबलचक लाटा दिसतात, वरंबा, सरी, वरंबा, सरी. जुना जड नांगर माती नेहमी एकाच बाजूला, उजवीकडे टाकायचा, पट्टीला गोल फेरे मारत नांगरलं की दरवर्षी माती मधे चढत जायची, शेकडो वर्षांत मधे उंचवटा आणि कडेला खोल सरी. पाणी त्या सरीतून निघून जायचं, इथल्या लाल चिकणमातीत ते फार गरजेचं. आणि या लाटा सरळ नसतात, उलट्या इंग्रजी एससारख्या हलक्या वळलेल्या असतात. बैलांच्या चार-चार जोड्यांची लांब रांग जुंपलेली, टोकाला पोचायच्या बरंच आधी त्यांना वळवायला सुरुवात करावी लागायची, तेच वळण जमिनीत उमटलं. मी त्या सरीत उभा राहून दोन्ही टोकांकडे बघितलं तेव्हा बैल कुठून वळले ते समोर दिसत होतं, कोणी सांगायची गरज नव्हती.

शेतांच्या मधेमधे सखल भागात गवताचे न नांगरलेले पट्टे आहेत, त्यांना इथे साइक म्हणतात. ओल एवढी की पूर्वी नांगर चालायचाच नाही. कधीच नांगरले नाहीत म्हणून त्यांत रानफुलांची जुनी वस्ती टिकली आणि आज सरकारने ते संरक्षित जागा म्हणून जाहीर केलेत. त्यातलं गवत गावातल्या शेतकऱ्यांतच लिलावाने दिलं जातं. उन्हाळ्यात गेलो तेव्हा वर चंडोल आणि खाली गुडघ्याएवढं गवत, आणि दोन्ही बाजूंना कुंपण नसलेला गहू. इंग्लंडात राहून असं आडवं, मोकळं, नजर न अडणारं शेत बघायला मिळत नाही, सगळीकडे हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांची कुंपणं.

ती कुंपणं कुठून आली हे कळल्याशिवाय लॅक्सटनचं मोल कळत नाही. साधारण १७५० ते १८५० या शंभर वर्षांत पार्लमेंटने गावोगावच्या मोकळ्या जमिनी बंदिस्त करायला हजारो कायदे केले. विखुरलेल्या पट्ट्या गोळा करून सलग तुकडे पाडले, कुंपणं घातली, आणि सामायिक चराईवर जगणारे गरीब लोक त्यात साफ बाहेर फेकले गेले. उत्पादन वाढलं असेल, पण एक गाय नि चार मेंढरांवर घर चालवणाऱ्या माणसाचं त्यात वाटोळं झालं, आणि याबद्दल मला अजून राग येतो. लॅक्सटन वाचलं त्याला काही कोणाचा उदात्त विचार कारण नव्हता. इथे दोन मोठे जमीनदार होते, अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारब्रो, त्यांचं एकमेकांत जमलं नाही, आणि जमीन बंदिस्त करायचं काम रेंगाळलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्ट्यांची थोडी एकत्र बांधणी झाली, त्यामुळे आजच्या पट्ट्या १६३५ पेक्षा रुंद आणि संख्येने कमी आहेत, पण पद्धत मोडली नाही. १९५२ मध्ये मॅनव्हर्सने गाव टिकावं म्हणून ते शेती मंत्रालयाला विकलं, १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजाच्या नावावरच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं, त्यांनी २०१८ मध्ये विकायचं जाहीर केलं तेव्हा बऱ्याच जणांच्या पोटात गोळा आला, आणि २०२० मध्ये परत पिअरपाँटांच्याच थोर्सबी इस्टेटने ते घेतलं.

आता ज्युरी डे. नोव्हेंबरच्या शेवटी गावातले बारा ज्युरर, म्हणजे गावच्या कोर्टाचे पंच, आणि त्यांचा फोरमन, म्हणजे म्होरक्या, त्या वर्षी जिथे हिवाळी गहू पेरलाय ते शेत फिरून तपासतात. मी पबमध्ये चौकशी करून ठेवली होती, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितलं, "ये, पण चांगले बूट घाल." गमबूट घालून गेलो तरी लाल माती बुटाला अशी धरते की दहा पावलांत पाय दुप्पट जड. मंडळी गप्पा मारत निघाली, हातात लाकडी खुंट आणि ठोकायला मोगरी. प्रत्येक दोन पट्ट्यांच्या मधे, जिथे त्या रस्त्याला किंवा साइकला भिडतात, तिथे जुना खुंट सापडला तर ठीक, नाहीतर नवीन ठोकायचा. एका ठिकाणी खुंट नांगरात गेला होता. दोघं जण पट्टीच्या दोन टोकांना उभे राहिले, मधे एक जण, हाताने इशारे, थोडं डावीकडे, अजून, बस, आणि मग फोरमनने बुटाच्या टाचेने मातीत रेघ ओढली आणि खुंट ठोकला. ज्यांच्या त्या दोन पट्ट्या, ते दोघंही तिथेच उभे, एकाने मान हलवली, दुसऱ्याने मोगरी उचलली, पुढे चालू. कागद नाही, मशीन नाही.

थोडं पुढे एकाने नांगरताना गवताच्या रस्त्यात वीतभर आत घुसून घेतलं होतं. सगळे थांबले. फोरमनने वाकून बघितलं, गवताची कड कुठे तुटली ते बोटाने दाखवलं, वहीत लिहिलं. भांडण नाही, आवाज चढला नाही. बाबांना संध्याकाळी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आपल्याकडं वीतभर बांध कोरला तर वीस वीस वर्षं कोर्टात जातात रे, दोन भावांची तोंडं बघणं बंद होतं. हे लोक दरवर्षी बघतात म्हणून वीतभरावर थांबतं." मोजणीला गेल्यावर भावाभावांत पडलेल्या माणसाचं हे बोलणं, मला ते सगळ्या पुस्तकांपेक्षा पटलं. लॅक्सटन कायद्यामुळे जेवढं टिकलं तेवढंच या दरवर्षीच्या फेरीमुळे टिकलं असं मला ठाम वाटतं. हद्द माणसांच्या डोळ्यांसमोर ताजी राहते, जुनी होऊ देत नाहीत.

फेरी झाली की सगळे पबमध्ये जेवायला, आणि जेवणानंतर दंड किती लावायचा ते ठरतं. आठवड्याने, डिसेंबरच्या सुरुवातीला, त्याच पबमध्ये कोर्ट लीट, म्हणजे हे गावचं कोर्ट, भरतं. जमीनमालकाच्या वतीने स्ट्युअर्ड बसतो, गावातल्या हक्कदारांची नावं पुकारतात, गैरहजर असेल त्याला नाममात्र काही पेन्स दंड. फोरमन ज्युरीचा अहवाल वाचतो, कोणी कुठे काय केलं, दंड जाहीर होतात, रक्कम छोटी असते, काही पौंडांची, पण सगळ्या गावासमोर नाव वाचलं जातं हे जास्त लागतं. मग पुढच्या वर्षीच्या शेतासाठी नवीन ज्युरी शपथ घेते. १९७७ च्या कायद्याने देशातल्या अशा बहुतेक जुन्या कोर्टांचे अधिकार काढून घेतले, लॅक्सटनचं कोर्ट मात्र आपलं काम करत राहिलं. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. युनिव्हर्सिटीत पेन्सिल घेऊन जे कागद वाचले होते, त्यातलीच कलमं, रस्त्यात नांगर, चर, हद्द, आता जिवंत माणसाच्या आवाजात ऐकू येत होती.

कोणाला जायचं असेल तर स्वतःची गाडी लागेल, बसवर विसंबू नका, ट्रेनने आलात तर नेवार्क किंवा रेटफर्डला उतरून टॅक्सी. शेतांतून सार्वजनिक पायवाटा आहेत, त्या सोडून पिकात जाऊ नका, आणि कुत्रा असेल तर त्याला साखळीने धरून ठेवा. आधी व्हिजिटर सेंटर, मग किल्ल्याची टेकडी, मग वेस्ट फील्ड किंवा साउथ फील्ड, असा क्रम घेतलात तर नकाशा डोक्यात घेऊन चालता येतं. लाटा बघायच्या असतील तर हिवाळ्यात ऊन असलेली दुपार, फुलं बघायची असतील तर जून. मी आता सतराव्या शतकातल्या लॅटिन कागदांना हात घातलाय, बाबा पुढच्या उन्हाळ्यात येणार आहेत, आणि त्यांना साइकच्या गवताचा लिलाव बघायचा आहे.